पांढऱ्या पिशव्या

"डोकं नावाची वस्तू देवाने माणसाला शोभेला दिलीये का?" कोठीच्या कपाटात वाकून शाळेची झाडलोट करणारा ऑरव्हिल स्वतःशीच पुटपुटत होता. "इतकी वर्षं सांगतोय. काळ्या नकोत, काळ्या नकोत. आणि आणल्या कुठल्या? तर काळ्याच."

शिक्षिका लोर्ना त्याच्या पाठीला पाठ लावून झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभी होती. कोठी आणि झेरॉक्सची खोली एकच होती आणि ती इतकी अरुंद, की एकाने वाकायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. लोर्नाने पोट आत घेतलं आणि विचारलं,

"कोणी आणल्या?"

"साहेबांनी. स्वतः. काल संध्याकाळी गाडीतून उतरवून इथे ठेवून गेले, मी घरी गेल्यावर." कचऱ्याच्या पिशव्यांची जाड गुंडाळी त्याने दोन बोटांत धरून वर केली, तिला वास येत असावा तशी. "म्हातारा मी होतोय, का ते?"

यंत्रातून कागद गरम गरम बाहेर पडत होते. लोर्नाने त्यांच्यावर तळहात ठेवला. जानेवारीत त्या शाळेत सकाळी गरम असणारी तेवढी एकच गोष्ट होती.

"दुकानात पांढऱ्या संपल्या असतील," ती म्हणाली.

इतकं सहज सुचलं की तिचं तिलाच बरं वाटलं. ऑरव्हिल वळला. त्याचा एक डोळा मोतीबिंदूने दुधाळ झाला होता, पण दुसरा अजून चांगला होता, आणि त्या चांगल्या डोळ्याने त्याने तिच्याकडे पाहिलं.

"असतील," तो म्हणाला आणि गुंडाळी कपाटात अगदी मागे, रंगाच्या डब्यांच्या आड सारून त्याने दार लावून घेतलं.

या शाळेत कचऱ्याच्या पिशव्या पांढऱ्या असत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण दूध टाकायला येणाऱ्या माणसालाही तो ठाऊक होता. इथली निम्म्याहून जास्त मुलं कोर्टाने आईबापांकडून काढून परक्या घरांत सांभाळायला दिलेली होती. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. मूल हलवायचं ठरतं तेव्हा बॅग कोणाकडेच तयार नसते. स्वयंपाकघरात, मोरीखाली काळ्या पिशव्यांची गुंडाळी मात्र प्रत्येक घरात असते. त्यातली एक फाडून, झटकून उघडायची आणि कपडे, बूट, शाळेची पुस्तकं, अर्धी उरलेली शांपूची बाटली, सगळं तिच्यात भरायचं. ही शाळा काढणारे टेरेन्स मॅब्री स्वतः लहानपणी अशाच एका पिशवीसोबत घरं बदलत मोठे झाले होते. एकदा पायरीवर पिशवीचं बूड फाटलं आणि त्यांच्या चड्ड्या रस्त्यावर, सगळ्या गल्लीसमोर पडल्या. शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, या दारातून काळी पिशवी आत येणार नाही. तेव्हा एकदोन शिक्षक हसले होते. मग पहिल्याच हिवाळ्यात एका नव्या बाईंनी मुलांचे विसरलेले स्वेटर गोळा करायला काळी पिशवी उघडली, आणि सहावीतला एक मुलगा टेबलाखाली शिरला तो शाळा सुटली तरी बाहेर येईना. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आणि तोच माणूस काल दुकानात जाऊन काळ्या पिशव्या घेऊन आला होता.

बाहेर धुकं होतं. व्हॅलीतलं, त्या लांबलचक खोऱ्यातलं हिवाळी धुकं, दुधाच्या सायीसारखं जमिनीला चिकटलेलं. त्यामुळे बसगाड्या उशिराच्या वेळापत्रकाने निघाल्या होत्या आणि शाळा अजून रिकामी होती. इमारतीत पूर्वी गाद्यांचं दुकान होतं. दुकानाच्या नावाची अक्षरं कधीच उतरवली होती, पण त्यांच्या फिकट खुणा दर्शनी भिंतीवर राहिल्या होत्या, आणि नवीन येणारं प्रत्येक मूल पहिल्या दिवशी विचारायचं की इथे झोपू देतात का. मॅब्री त्याला उत्तर देत, "दमला असशील तर देतो." ते खरं होतं. मागच्या खोलीत दोन गाद्या अजून होत्या.

जूननंतर शाळेच्या जागी लहान मुलांना उड्या मारायची जाळी बसणार होती. जागेच्या मालकाने करारही करून टाकला होता. शाळा सरकारी पैशावर पण आपल्या रीतीने चालायची, आणि तसा परवाना दर काही वर्षांनी गावच्या शिक्षण मंडळाकडून नवा करून घ्यावा लागायचा. या वेळी मंडळ तो करणार नव्हतं. मुलं इथे टिकत नाहीत, वर्ष पुरं करत नाहीत, असा ठपका होता. मुलं टिकत नव्हती कारण कोर्ट त्यांना अधूनमधून उचलून दुसऱ्या गावी ठेवत होतं, पण हे अहवालाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते कोणालाच सुचलं नव्हतं. मतं फिरणार नाहीत हे मंडळातल्याच लोकांनी मॅब्रींना खासगीत सांगितलं होतं. नाताळाच्या सुट्टीआधी मॅब्रींनी सगळ्या शिक्षकांना बसवलं, पेढ्यासारखे लहान लहान केक दिले, आणि शाळा बंद होणार ते सांगितलं. मुलांना एवढ्यात सांगायचं नाही, असंही सांगितलं. मंडळाची जाहीर सभा येत्या मंगळवारी होती. तोवर नाही.

त्या दिवसापासून शाळेतले सगळे मोठे लोक मुलांशी फार गोड बोलत होते.

फीना नेहमीसारखी थेट लोर्नाच्या खोलीत आली. डेल्फिना ओरोस्को तिचं नाव, अकरावीत होती. केसांवर धुक्याचे थेंब, एका हातात शाळेच्या न्याहारीतला बरीटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेलं अंडं, दुसऱ्या हातात आणखी एक.

"मिस बी, एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. म्हणजे वाईट अशी नाहीच. दोन्ही चांगल्याच म्हणा."

लोर्नाचं आडनाव बेटनकोर्ट होतं. ते पुरतं उच्चारण्याइतका वेळ शाळेत कोणालाच नसे.

"दुसरा बरीटो कोणाचा?"

"माझाच. घरी मिसेस गॅस्किन्सनी फ्रीजला नवीन कुलूप लावलंय. जुन्याची किल्ली आम्हाला सापडली होती ना." ती बाकावर पाय वर घेऊन बसली. "तर, तिया चायोची खोली तयार झाली. रंग दिला, पलंग आणला, आणि पडदे शिवलेत. पिवळे. मला पिवळा रंग आवडतो असं मी तिला कधी म्हटलं होतं देव जाणे."

तिया चायो म्हणजे चायो मावशी, फीनाच्या वारलेल्या आईची चुलत बहीण. व्हॅलीच्या पार वरच्या टोकाला, रेडिंगला, एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. फीना नावाची कोणी मुलगी आहे आणि ती परक्यांच्या घरी वाढतेय हे तिला गेल्या उन्हाळ्यात कळलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला बसने यायची, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले फॉइलमध्ये गुंडाळून घेऊन. येताना बसमध्ये ते मांडीवर धरून बसत असावी, कारण पोचायचे तेव्हा कोमट असायचे.

"सोमवारी कोर्टात तारीख आहे," फीना म्हणाली. "मी हो म्हटलं तर लगेच जाता येईल. नाही म्हटलं तर ते तियाची फाइल बंद करणार. मग मी अठरा वर्षांची होईपर्यंत मिसेस गॅस्किन्स आणि त्यांचं कुलूप. आज चार वाजता फोन करून तियाला सांगायचंय."

"आणि वाईट बातमी?"

"'नाही' असंच सांगणार आहे तिला. तेवढंच तिला वाईट वाटेल."

लोर्नाने टेबलावरच्या पेन्सिली एका दिशेने लावायला घेतल्या.

"पडदे शिवलेत तिने," ती म्हणाली.

"शिवलेत ना. मला रडूसुद्धा आलं. पण मिस बी, तिया म्हणजे घर. घरं मी पुष्कळ पाहिलीयेत. शाळा पहिल्यांदा पाहतेय." दुसरा बरीटो तिने कागदात नीट गुंडाळून दप्तरात ठेवला. "तिकडे गेले की पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट राहिलेलं गणित अर्धवटच जाणार, कोणी मोजणार नाही. इथे तुम्ही माझा अर्धा धडासुद्धा मोजता. आणि बारावीचं एकच वर्ष राहिलंय. एक वर्ष मिसेस गॅस्किन्सचं कुलूप चालेल."

"अजून एकदा विचार कर."

"केला. तुम्हीच म्हणता ना, एकदा ठरवलं की त्याला सारखं चाचपून बघायचं नाही." ती उठली. "मंगळवारी मंडळापुढे करायचं भाषणही झालंय लिहून. आज तालीम घ्याल? मिस्टर मॅब्री म्हणाले, त्यांनाही ऐकायचंय."

लोर्ना हो म्हणाली. फीना गेल्यावर तिच्या लक्षात आलं की टेबलावरची प्रत्येक पेन्सिल तिने टोक आपल्याकडे करून ठेवली होती.

ऑरव्हिलने काळ्या पिशव्या लपवल्या होत्या, पण पांढऱ्या त्याच्याकडे नव्हत्या. त्याने डब्यांत वर्तमानपत्राचे कागद घातले. दुपारच्या जेवणापर्यंत ते भिजून लगदा झाले, आणि जेवणघरातला मोठा डबा दुधाच्या खोक्यांनी शिगोशीग भरून त्यातून पांढरा ओघळ जमिनीवर आला. ऑरव्हिल पुसणं आणायला मागे गेला. तेवढ्यात मॅब्री तिथून चालले होते, कानाला फोन, मान वाकडी करून तो खांद्याशी धरलेला. समोर ओघळ दिसला तेव्हा ते थांबले. फोनवर हूं हूं करत कोठीत गेले, गुंडाळी शोधून घेऊन आले, एक पिशवी फाडली आणि ती उघडायला हवेत झटकली.

फट्.

आवाज फार मोठा नव्हता. लोर्ना कोपऱ्यातल्या टेबलावर पाचवीच्या एका मुलीची वेणी घालत होती, आणि तिच्या बोटांखाली ती मान ताठ झाली. चमचे थांबले. ओरडलं कोणी नाही, रडलंही नाही. एवढी पोरं एका खोलीत आणि चमच्याचा आवाज नाही, असं लोर्नाने इतक्या वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

मॅब्रींना ती शांतता ऐकू आली तेव्हा पिशवी त्यांच्या हातात फुगलेली होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग मुलांकडे.  मग त्यांनी खाली वाकून पिशवी डब्यात घातली, कडेने नीट दुमडली, दुमड बोटाने दाबली, आणि आपल्या खोलीत निघून गेले. दुसरं काय करणार होते.

फीना उठून लोर्नाच्या टेबलापाशी आली.

"काळी?" तिने हळूच विचारलं.

"दुकानात पांढऱ्या संपल्या होत्या," लोर्ना म्हणाली. सकाळपेक्षा हे आता जास्त सराईत आलं.

फीनाने मान डोलावली. तिचे खांदे खाली आले. मागे वळून ती सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुकानात पांढऱ्या संपल्या होत्या. बास. जेवा आता, वाटाणे गार झाले."

"वाटाणे आधीपासूनच गार होते," कोणीतरी म्हणालं. थोडं हसू झालं. चमचे पुन्हा वाजू लागले, पण जरा जपून.

गाद्यांच्या दुकानात एका भिंतीला उशा मांडायचे लाकडी कप्पे होते. शाळेने ते मुलांना वाटून दिले होते, प्रत्येकाच्या नावाचा एक, त्याच्या आवडीच्या रंगाचा. शाळेत नाव घातलं की कप्पा मिळायचा आणि शेवटची परीक्षा पास होईपर्यंत तो तुमचा. कप्प्यांना दारं नव्हती, कुलपं नव्हती. ज्या वस्तू सांभाळणाऱ्यांच्या घरी ठेवायचा भरवसा वाटत नसे त्या मुलं इथे आणून ठेवायची. दात घासायचा ब्रश, भावाचा फोटो, एकदा तर कोणीतरी जिवंत कासव ठेवलं होतं.

जेवणानंतरच्या तासाला लोर्ना तिथून गेली, आणि पुढे जाऊन परत आली. खालच्या दोन ओळी, म्हणजे लहान मुलांचे कप्पे, रिकामे होते. नुसतं लाकूड आणि रंग. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पोरांनी आपापलं सामान उचलून दप्तरात भरलं होतं, आणि दप्तरात मावलं नाही ते अंगावर घातलं होतं.

फीना तिथेच होती, इसायस नावाच्या सहावीतल्या एका मुलासमोर गुडघे टेकून. इसायसच्या अंगावर दोन कोट होते. वरच्याचं बटण लागत नव्हतं.

"काढ तो," फीना म्हणत होती.

"थंडी वाजतेय."

"थंडी वाजतेय म्हणे. घाम आलाय तुला, बावळटा. अरे, एवढी घाबरायची काय गोष्ट आहे? मिस बींनी सांगितलं ना, दुकानात संपल्या होत्या. मिस बी खोटं बोलतात का कधी?"

इसायसने तिच्या डोक्यावरून लोर्नाकडे पाहिलं. त्याचं वय अकरा होतं, पण त्या नजरेचं बरंच जास्त असावं. त्याने फीनाचा मान राखून एक कोट काढला. कप्प्यात मात्र ठेवला नाही, काखेत घट्ट धरून वर्गात निघून गेला.

"घाबरट आहेत सगळे," फीना उठताना म्हणाली. "मीपण अशीच होते."

तिचा स्वतःचा कप्पा भरलेला होता. एक पांघरूण, शब्दकोश, केसांच्या पिना ठेवलेला बिस्किटांचा डबा, आणि सगळ्यांत मागे, घडी घालून ठेवलेला आईचा जुना पिवळा स्वेटर. लोर्नाने तो याआधी कितीदा तरी पाहिला होता. आज तो पाहताना पडदे आठवले, आणि ती तिथून जवळजवळ पळाली.

मॅब्रींच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीत धुकं होतं तेवढाच उजेड. ते टेबलाच्या कडेवर बसले होते.

लोर्नाने त्यांना फीनाच्या मावशीबद्दल सांगितलं, सोमवारबद्दल, चार वाजताच्या फोनबद्दल. त्यांना यातलं बरंचसं ठाऊक होतं. मावशीची फाइल नंतर पुन्हा उघडता येईल, ते म्हणाले. लोर्नाने विचारलं, इतक्या वर्षांत किती मुलांची बंद झालेली फाइल पुन्हा उघडलेली तू पाहिलीस?  ते म्हणाले, फक्त मंगळवारपर्यंत थांब. आता सांगितलं तर ती आज हो म्हणेल, सोमवारी जाईल, आणि मंगळवारी मंडळापुढे उभं राहायला कोणी उरणार नाही. तिच्यासारखं बोलणारं दुसरं मूल आपल्याकडे नाही.

"ती बोलली तर एखादं मत फिरेल का?" लोर्नाने विचारलं.

मॅब्रींनी छताकडे पाहिलं. तिथे गाद्यांच्या दुकानाच्या वेळचा पंखा होता, कधीच न फिरणारा.

"नाही."

"मग?"

"आपण इथे काय केलं ते एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणावं," ते म्हणाले. "मला ऐकायचंय. एकदाच. स्वार्थ म्हण हवं तर."

लोर्नाला त्यांचा राग यायला हवा होता. तिला आठवलं, नऊ वर्षांपूर्वी या खोलीचा रंग ते दोघं मिळून देत होते, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं की लहानपणी त्यांना प्रत्येक वेळी काहीतरी वेगळंच सांगून गाडीत बसवायचे. आइस्क्रीम खायला जाऊ. दोन दिवस फिरून येऊ. आइस्क्रीम त्यांना अजून खाववत नव्हतं. म्हणून शाळेत नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते खुर्चीत बसवत, स्वतः त्याच्यासमोर खाली बसत, आणि एकच वचन देत. तुला कधी इथून हलवायची वेळ आली, तर सगळ्यांत आधी तुला सांगू. तुझ्या बाईंना नाही, कोर्टाला नाही. सगळ्यांत आधी तुला. फीनाला सांगितलं तेव्हा लोर्ना त्याच खोलीत होती.

"टेरेन्स, तू तिला काय सांगितलं होतंस?"

 ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "दुकानात दोन्ही होत्या, लोर्ना. एकाच फळीवर. हात पुढे केला आणि आली ती घेतली. मला दिसलंच नाही."

साडेतीनला शाळा सुटली. बसगाड्या दिवे लावून धुक्यात शिरल्या आणि लगेच दिसेनाशा झाल्या. फीनासाठी मिसेस गॅस्किन्सची गाडी उशिरा येणार होती.

तालीम मोठ्या दालनात ठेवली होती. दुकानाचं पैसे घ्यायचं जुनं लाकडी टेबल तिथे अजून होतं. फीना त्याच्या मागे उभी राहिली. कागद समोर, फोन शेजारी. मॅब्री मागच्या खुर्चीत बसले, कोट न काढता. लोर्ना पहिल्या रांगेत. ऑरव्हिल भिंतीकडेने झाडत होता, आणि जेवणघरातल्या डब्यातली काळी पिशवी त्याने भर दुपारीच काढून टाकली होती.

"मान्यवर सभासद," फीनाने सुरुवात केली आणि थांबली. "मान्यवरच म्हणायचं ना? ते नसले तरी?"

"तरी," मॅब्री म्हणाले.

ती वाचत गेली. चांगलं लिहिलं होतं. रडारड नव्हती. कुठल्या शाळेत भूगोल तीनदा शिकले आणि इतिहास एकदाही नाही, कुठल्या शाळेत तिचं नाव पाठ होण्याआधीच ती निघाली, ते सगळं तिने असं लिहिलं होतं की ऑरव्हिल दोनदा हसला. मग इथलं. अर्धा धडासुद्धा मोजणाऱ्या बाई. उशांचे कप्पे. कचऱ्याच्या पिशव्यांवरही एक परिच्छेद होता. तो वाचताना तिने जरा वर पाहिलं आणि कागदात नसलेलं एक वाक्य घातलं, "आज दुकानात संपल्या होत्या, ते सोडा."

मॅब्रींनी डोळे मिटून घेतले होते.

"आम्हा मुलांना सारखं हलवलं जातं," तिने शेवटाकडे येत वाचलं. "आम्ही सामान पूर्ण उघडतच नाही. मी इथे उघडलं. कारण इथून मला कोणी हलवणार नाही. धन्यवाद."

झाडू फरशीवर फिरत होता तेवढाच आवाज. फीनाने लोर्नाकडे पाहिलं.

"बरं झालंय?"

"शेवटचं वाक्य परत वाच," लोर्ना म्हणाली.

"धन्यवाद?"

"त्याच्या आधीचं."

"कारण इथून मला कोणी हलवणार नाही."

"त्यात काळ चुकलाय."

फीना कागदावर वाकली. व्याकरणात तिला चूक दाखवलेली आवडायची. बाईंनी नीट वाचलंय हे त्यातून कळतं, असं तिने एकदा सांगितलं होतं. कानामागची पेन्सिल काढून तिने टोक वाक्यावर ठेवलं.

"कुठे?"

"'हलवणार नाही' नको." लोर्ना म्हणाली. "'हलवलं नाही' कर."

फीनाने एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि ओठातल्या ओठात वाचून पाहिला. मग पेन्सिल थांबली.

"पण मग ते झाल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "संपल्यासारखं."

मागची खुर्ची करकरली. झाडूचा आवाज थांबला.

"मिस बी? का बदलायचं?"

 काळ बदलला की उरलेलं आपोआप कळेल, आपल्याला तोंडाने म्हणावं लागणार नाही, अशी लोर्नाची समजूत होती. फीनाला कळलं होतं. लोर्नाला ते तिच्या हातावरून दिसत होतं, कारण तो हात टेबलावरून मागे सरकून भिंतीकडच्या कप्प्यांच्या दिशेला लोंबत राहिला होता. पण तोंडाने म्हणायचं काम ती लोर्नासाठी करणार नव्हती. ती वाट पाहत उभी होती, जशी कितीतरी घरांच्या दारांत, मोठ्या माणसांचं आपसातलं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली असेल.

"का, ते सांगा," फीना म्हणाली.

"लोर्ना," मॅब्री मागून म्हणाले. थांब, अशा अर्थाने नव्हे. नुसतंच नाव.

टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला. चार वाजायला आले होते. लोर्ना उठली, टेबलापर्यंत गेली, आणि ज्या बाजूला गिऱ्हाइकं उभी राहत त्या बाजूला उभी राहिली. तिने फोन उचलला आणि फीनाच्या कागदावर, त्या खोडलेल्या शब्दावर ठेवला.

"दुकानात पांढऱ्या पिशव्या होत्या," ती म्हणाली. "शाळा जूनमध्ये बंद होतेय, फीना. आम्हा सगळ्यांना नाताळाआधीपासून माहीत आहे. सगळ्यांत आधी तुला सांगायचं होतं. सगळ्यांत शेवटी सांगतेय."